दिवाळीपासून वापरून राहिलेली आर्केड स्टिक: राईट लागणं बंद झालं त्यानंतरचा अनुभव

पहिले कामाचं सांगतो. स्टिक (म्हणजे फायटिंग गेम खेळायचा लिव्हर आणि बटनांचा डबा) चांगली आहे, बटनं चांगले आहेत, वजन चांगलं आहे, मांडीवरून सरकत नाही. पण लिव्हरची, म्हणजे दिशा द्यायच्या दांड्याची, राईट साईड गेली आणि त्यानंतर कंपनीनं जे करायला लावलं ते वाचा आणि मग घ्यायची का नाही ते ठरवा. स्पेक्स मी लिहीत नाही, आठ बटनं टर्बो वगैरे सगळ्यांनी टाकलेलंच आहे. कंपनीचं नावही टाकत नाही, कारण मला जे सांगायचं ते ह्या रेंजमधल्या कुठल्याही स्टिकला विचारण्यासारखं आहे.

घेतली दिवाळीच्या आधी, सोयाबीनचे पैसे हातात आले तेव्हा. साडेपाच हजार. तेवढ्यात डीएपीच्या चार बॅगा येतात, म्हणून घेतानाच घरात बोलणं झालं होतं की ह्या वयात काय पोट्ट्यावानी गेम. त्याच्यावर माझं उत्तर एकच, हांगचौच्या एशियन गेम्समध्ये २०२३ ला स्ट्रीट फायटर ५ मेडलचा खेळ होता आणि कोरियाच्या किम ग्वान-वू नं ४४ व्या वर्षी गोल्ड घेतलं, भारताचे खेळाडू पण गेले होते तिथं. हा खेळ हाताचा आणि डोक्याचा आहे, वयाचा नाही.

माझ्याकडे पीएस४ (प्लेस्टेशन ४) आहे, अमरावतीहून सेकंडहँड आणलेला. नुसतं टेक्केन ७ खेळत असाल तर स्टिकची गरज नाही हे मी सरळ सांगतो. टेक्केन चार बटनाचा गेम, डावा हात उजवा हात डावा पाय उजवा पाय, पॅडवरची चार बटनं त्याला बरोबर बसतात. आणि १९९४ चा पहिला टेक्केन आर्केडमध्ये ज्या बोर्डवर चालायचा, टेक्केन बनवणाऱ्या नामको कंपनीचा सिस्टीम ११, तो प्लेस्टेशनच्याच हार्डवेअरवर बनवलेला होता, म्हणून घरच्या पॅडवर हा गेम कधी परका वाटलाच नाही. टेक्केन ३ तर आर्केडला १९९७ मध्ये आला आणि १९९८ मध्ये प्लेस्टेशनवर, आणि आमच्या तालुक्याच्या ठिकाणी कॉइनवाल्या मशिनींची गर्दी त्यानंच ओढून नेली, तासावर पैसे घेणाऱ्या प्लेस्टेशनच्या दुकानात. टेक्केन ३ मधला एडी गॉर्डो घेऊन नुसते लाथेचे बटनं बडवणारे पोट्टे ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको.

मी स्टिक घेतली ती किंग ऑफ फायटर्स ९७ आणि स्ट्रीट फायटर २ साठी. दोन्ही पीएस४ वर भेटतात, केओएफ ९७ ग्लोबल मॅच नावानं आणि स्ट्रीट फायटर ३० अॅनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये. आमच्याकडे बसस्टँडजवळच्या गेम पार्लरमध्ये स्ट्रीट फायटरपेक्षा केओएफच जास्त चालायचा आणि त्याचं कारण मला लय उशिरा समजलं. स्ट्रीट फायटर २ ला सहा बटनं लागतात, तीन बुक्के तीन लाथा. मशिनीत जे वायरिंगचं स्टँडर्ड होतं, १९८५ चं जॅमा, ५६ पिनांचा कनेक्टर, त्याच्यात एका खेळाडूला एवढी बटनं बसतच नव्हती, स्ट्रीट फायटरवाल्या कॅपकॉमच्या बोर्डाला लाथांसाठी वेगळी वायर ओढावी लागायची आणि पॅनलला छिद्रं पण पाडावी लागायची. निओ जिओ मशिनीचे गेम (केओएफ त्यातलाच) चार बटनात होतात, ए हलका बुक्का, बी हलकी लाथ, सी आणि डी जोराचे. मुस्तफासाठी बनवलेल्या पॅनलवर (म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, तो तर दोनच बटनाचा गेम, आणि खरं म्हणजे समोरासमोरचा फायटिंग गेम नाहीच तो) दोन बटनं वाढवली की केओएफ चालू. पार्लरवाल्याला तेच परवडायचं. नंतर टीव्हीला लावायचे ते पिवळ्या कॅसेटवाले गेम आले त्याच्यात पण फायटिंग होतं, पण दोन बटनात काय होणार.

स्टिकनं फरक काय पडला ते सांगतो. केओएफमधल्या इओरीचं सुपर, म्हणजे त्याचा सगळ्यात मोठा वार, बघा. खाली, खाली-पुढं, पुढं, तिथूनच परत खालून फिरवून पूर्ण मागं, आणि ए किंवा सी. पीएस४ च्या पॅडवर चार वेगळे बाण आहेत, अंगठा एकावरून दुसऱ्यावर जाताना तिरपं निसटते आणि थोडं खेळलं की अंगठ्याची कातडी निघते. लिव्हरवर मनगट फिरलं की सुपर निघते. लिव्हरखाली चारही दिशांना एकेक स्विच आहे आणि दांडा अडवणारी चौकोनी चौकट म्हणजे गेट आहे, चारही तिरप्या दिशांना कोपरा लागते आणि हाताला कळते की आता तिरपं लागलं. पहिल्या रात्री मी नुसतं ते सुपर काढत बसलो, आणि जे लहानपणी कॉइन संपायच्या भीतीनं कधी धड जमलं नाही ते इथं निवांत जमलं. साडेपाच हजार मला तेव्हाच वसूल वाटले, आजही वाटतात.

बारीक गोष्टी पटकन सांगतो. ही स्टिक पीएस४ ला एकटी चालत नाही, मागच्या यूएसबीत ओरिजिनल पॅड लावून ठेवावा लागते, नाही तर काही मिनिटांनी कन्सोल तिला तोडते. एक पॅड त्याच्यातच अडकून राहते, दोघं खेळायचे असतील तर दुसरा पॅड पाहिजेच, हा खर्च आधी धरा. टीव्हीचा गेम मोड चालू करा, हे गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतात म्हणजे एक फ्रेम १६ मिलिसेकंदाच्या वर थोडी, टीव्हीनं पाच-सहा फ्रेम खाल्ल्या (म्हणजे चित्र तेवढं उशिरा दाखवलं) तर स्टिकला शिव्या देण्यात अर्थ नाही. ऑनलाईनचं मी लिहीत नाही, आमच्याकडे लाईनचाच भरोसा नाही, मी समोर बसलेल्या माणसाबरोबरच खेळतो, बहुतेक भाच्याबरोबर.

आता राईट.

संक्रांतीनंतर केव्हा तरी भाचा म्हणाला, "मामा, तुमचं हाडुकेन काऊन नाई निघून राह्यलं?" मी म्हटलं हात थंड असन. पण रोजच व्हायला लागलं. आणि हे दुखणं कसं आहे ते समजून घ्या, कारण एक दिशा गेली की अर्धा गेम जाते. डाव्या बाजूला उभे असाल तर राईट म्हणजे पुढं, तर डॅश नाही, हाडुकेन (हातातून सोडायचा गोळा) नाही, शोर्युकेन (वर उडून मारायचा बुक्का) तर नाहीच कारण त्याची सुरुवातच पुढून आहे. उडी मारून बाजू बदलली की तोच राईट म्हणजे मागं, आणि केओएफ असो का स्ट्रीट फायटर, मागं दाबूनच ब्लॉक होते. म्हणजे इकडून मारता येत नाही आणि तिकडून वाचता येत नाही. स्ट्रीट फायटरमधला गाईल घेतला तर अजून वाईट, मागं धरून ठेवायचं आणि मग पुढं ढकलून बुक्का, मधात स्विचनं क्षणभर सोडलं की धरलेलं सगळं वाया. भाच्यानं मॉर्टल कॉम्बॅट लावून पाहिला तर तिथं ब्लॉक बरोबर होऊन राहिला, कारण त्या गेमला १९९२ पासून ब्लॉकचं वेगळं बटन आहे. तिथंच पक्कं झालं की बटनं ठीक आहेत, बोर्ड ठीक आहे, खराबी लिव्हरमध्ये आहे.

कंपनीला मेसेज टाकला. बिल मागितलं, दिलं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला, तो कोण काढते? मग फोनवाली मुलगी म्हणाली, "सर, आपके पिनकोड पे पिकअप नहीं है", स्वतःच्या खर्चानं मुंबईला पाठवा. काय बदलणार विचारलं तर म्हणे पूर्ण लिव्हर असेंब्ली, एकोणीसशे रुपये, दोन्हीकडचं कुरिअर वेगळं, कारण फिरणारा पार्ट वॉरंटीत येत नाही. आणि खालचे स्क्रू खोलले तर उरलेली वॉरंटी पण जाते. मी तिला परत परत विचारलं की नुसतं स्विच पाठवा ना बाई, लावतो मी, तर म्हणे सुटा पार्ट देत नाही. ह्या एका वाक्यावर माझा जो राग आहे तो अजून गेला नाही. फायटिंग गेमच्या स्टिकमध्ये स्विच जाणार हे बनवणाऱ्याला माहीत असते, ट्रॅक्टरचा पट्टा जाणार हे जसं माहीत असते तसंच, आणि ते सुटं विकायचं नाही हा गिऱ्हाईकाला अडवायचा धंदा झाला. इथंवरचं मी होळीच्या आसपास लिहून ठेवलं होतं आणि खाली दोन स्टार टाकून सोडणार होतो.

अपडेट. तेव्हा लिहिलं होतं की घ्यायचीच असेल तर पैसे साठवा आणि जपानी सानवा कंपनीच्या लिव्हरवाली घ्या. ते मत आता बदललं.

वॉरंटीवर तुळशीपत्र ठेवून खालची प्लेट खोलली. आत पहिले काय दिसलं तर कापूस. आमच्या घरी वेचणीचा कापूस भाव वाढेपर्यंत टीव्हीच्याच खोलीत पडून असते, त्याचे तंतू लिव्हरच्या दांड्याच्या फटीतून आत जाऊन स्विचच्या पत्तीभोवती गुंडाळले होते. वरची गोल चकती म्हणजे डस्ट वॉशर आहे, पण एवढा बारीक तंतू तिनं थांबत नाही. ब्रशनं साफ केलं, थोडे दिवस राईट आली, परत गेली. मग स्टिक पिशवीत टाकून तालुक्याला एका मिस्त्रीकडे घेऊन गेलो. मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करतात ते, आणि पूर्वी पार्लरच्या मशिनींचं वायरिंग करायचे हे मला माहीत होतं. त्यांनी लिव्हर हातात घेऊन कानाशी धरून चारही बाजूनं हलवला, राईटवर टिक असा आवाज बाकीच्या तीनपेक्षा ढिला होता. "स्विच बसलं हे. कॉमन आन् एनओ, दोनच तारा लावा लागते, तिसऱ्या पिनीला हातच नोको लावू." मायक्रोस्विचचे तीन पाय असतात, कॉमन, एनओ, एनसी. दाबल्यावर जुळणारं ते एनओ, आपल्याला तेच लागते. त्यांच्या डब्यात तसेच स्विच होते, मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराला असते त्याच जातीचं. चाळीस रुपये. तारा खोचायच्या पिनांवर होत्या, सोल्डर पण नाही लागलं. चहा येईपर्यंत काम झालं आणि मजुरी घ्यायला ते तयार नव्हते, म्हणे लय दिवसानं लिव्हर हातात आला.

चाळीस रुपये आणि एकोणीसशे अधिक कुरिअर.

आता सानवाचं मत का बदललं. त्यांचा जेएलएफ लिव्हर मऊ आहे, नाजूक हाताला छान आहे, त्याच्या नावाला कोणी बोट लावू शकत नाही. पण त्याच्यात चारही स्विच एका छोट्या बोर्डावर सोल्डर केलेले असतात आणि तिथून पाच तारांचा एक कनेक्टर निघते. एक स्विच गेलं तर पूर्ण बोर्ड मागवा नाही तर सोल्डर काढणारा शोधा. पुण्या-मुंबईत हे सोपं असेल. माझ्या ह्या स्वस्त लिव्हरला चार वेगळे स्विच आहेत, वेगळे निघतात, आणि ते तालुक्याला भेटतात. आमच्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्यानं तोच लिव्हर ठेवावा असं मी आता छातीवर हात ठेवून सांगतो. बटनं मात्र बदलायची असतील तर सानवाची ३० मिलिमीटरची ह्याच छिद्रात बसतात, मी दोन बदलले, हलक्या बुक्क्याचं आणि हलक्या लाथेचं, सगळ्यात जास्त तेच दाबल्या जातात.

मृग लागला, पेरणीच्या गडबडीत खेळणं कमी झालं, पण राईट पक्की आहे. भाचा आता स्ट्रीट फायटर ६ लावते (तो पीएस४ वर येते, टेक्केन ८ येत नाही), पॅडवर मॉडर्न कंट्रोल घेऊन एका बटनात हाडुकेन मारते. काही जुने लोक ह्याला नावं ठेवतात, मी नाही ठेवत. असं एका बटनानं मारलं की नुकसान २० टक्के कमी होते, तेवढी किंमत तो मोजते, आणि नवीन पोट्टा समोर बसून खेळते हे मला महत्त्वाचं आहे.

स्टार तीन. स्क्रू ड्रायव्हर हातात धरता येत असेल तर माझ्याकडून चार समजा. घेण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा की लिव्हरचे स्विच सुटे निघतात का बोर्डावर चिकटलेले आहेत, फोटो मागा खालून, तो फोटो देत नसेल तर घेऊ नका. घरी कापूस भरत असाल तर स्टिक वापरून झाल्यावर जुन्या उशीच्या खोळीत घाला. आणि कोणी ह्या लिव्हरला चौकोनीच्या जागी अष्टकोनी गेट बसवलं असेल तर कुठून मागवलं ते खाली लिहा, गाईलला मला चौकोनीच पाहिजे पण झांगीफ ह्या पैलवानाच्या डावाला पूर्ण गोल फिरवताना चारही कोपऱ्यात अडकते.