ड्युअल ॲक्शन पॉलिशर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा रोज पहाटे एका बादलीत आणि एकाच फडक्यात बारा गाड्या उरकतो. समोरच्या रस्त्याच्या कामाची धूळ त्या फडक्याखाली पॉलिशपेपरसारखी फिरते, आणि तीन वर्षांत माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसू लागले. म्हणून असे चरे घासून काढणारे, फोमचे पॅड लावायच्या पाच इंची प्लेटचे हे मशीन घेतले.

रोटरी मशीन जाणूनबुजून टाळले. त्याचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरत असल्याने काम झपाट्याने होते, पण हात क्षणभर रेंगाळला तरी रंग तापतो, आणि वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, सहसा माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. ड्युअल ॲक्शनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे नवख्या हाताला चूक सावरायला वेळ मिळतो.

तरीही पहिला महिना वाया गेला, कारण जोर दिला की चरे लवकर जातील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात जास्त दाबले की पॅडचे फिरणे थांबते आणि मशीन नुसते थरथरते. प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवली, तेव्हा हे डोळ्यांना दिसले. आता रेघ फिरताना दिसेल इतकाच भार देतो, दोन फूट बाय दोन फुटांच्या चौकोनात कंपाउंडचे, म्हणजे चरे घासणाऱ्या पातळ लेपाचे, चार-पाच थेंब घेतो, आणि आधी आडवे व मग उभे हात मारतो. गाडी धुऊन क्ले बार (रंगाला चिकटलेले कण ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवल्याशिवाय मशीनला हात लावत नाही; अंगावर उरलेला एक कणसुद्धा नवा चरा पाडायला पुरतो. बॉनेट गार असतानाच, म्हणजे सकाळी आठच्या आत, काम उरकतो. बोअरच्या पाण्याचे वरवरचे पांढरे डाग निघतात, रंगात मुरलेले निघत नाहीत.

देखभालीत खरे लक्ष मागते ते पॅड. एकदा थकल्यामुळे पॅड न धुता तसेच वाळू दिले, तर पुढच्या वेळी त्यातल्या घट्ट कंपाउंडनेच दारावर ओरखडे उठवले. आता प्रत्येक चौकोनानंतर नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडतो, शेवटी कोमट पाण्यात साबणाने धुतो आणि फोमची बाजू खाली ठेवून सावलीत वाळवतो, म्हणजे पाणी वेल्क्रोच्या गोंदात साचत नाही. सलग वापराने तापून एका पॅडचा वेल्क्रो सुटला होता. तेव्हापासून तीन पॅड आलटून पालटून वापरतो.

सहाव्या महिन्यात मशीन अडखळू लागले, जाळीतून ठिणग्या दिसल्या आणि जळका वास आला. दुरुस्ती केंद्राने न उघडताच ‘आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) गेले’ असे सांगून जवळपास निम्म्या किमतीचा आकडा काढला. घरी मशीनच्या बाजूच्या टोप्या उघडल्या, तर एक कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा छोटा ठोकळा, झिजून नखाएवढा उरला होता. तो नमुना खिशात घालून पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो आणि त्याच मापाची जोडी घेऊन आलो. दोन्ही कार्बन एकदमच बदलावेत, आणि नवे बसवल्यावर काही मिनिटे मशीन रिकामे चालवावे. त्याच वेळी जाळीतले वाळलेल्या कंपाउंडचे पांढरे पीठही ब्लोअरने उडवले. ते आत साचले की मोटर तापते.

तक्रारी दोनच आहेत. तासाभराने तळहाताला मुंग्या येतात, आणि दाराच्या मुठीमागच्या खोलगट जागेत पाच इंची पॅड शिरतच नाही. तिथे मी अजूनही हातानेच घासतो.