पांढरं जाण्यावर दालचिनीचं तेल: बायकांना गंडवतात ते असं

जत्रेत, आठवडा बाजारात किंवा महोत्सवाच्या स्टॉलवर गिऱ्हाईक बरोबर हेरलं जातं. पावसाळ्याचे दिवस, कपडे अर्धवट ओले, खाज सुटलेली आणि डॉक्टरकडे जायची लाज. "वहिनी, आपल्याच बागेतल्या दालचिनीचं तेल आहे. चमचाभर खोबरेलात पाच थेंब घाला, कापसाचा बोळा भिजवून रात्री आत ठेवा." आग झाली तर "जंतू मरतायत", गुण नाही आला तर "कोर्स अर्धवट सोडलात, आता मोठी बाटली घ्या". उत्तर कुठलंही असो, विक्री ठरलेलीच.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते खपतं. दालचिनी, लवंग, ओवा, टी ट्री यांची तेलं प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत कॅन्डिडा ही योनीत खाज आणणारी बुरशी मारतात. पण बशीला कातडी नसते. साधारण २० थेंबांचा १ मिलि धरला तर ५ मिलि खोबरेलात पाच थेंब म्हणजे ५ टक्के. अंगाच्या कातडीलाही सहसा १-२ टक्क्यांवर जात नाहीत. योनीमार्गाचं अस्तर तर त्याहून नाजूक. दालचिनीच्या सालीच्या तेलातल्या सिनामाल्डिहाइड या मुख्य घटकाने तिथे भाजतं, ॲलर्जी होते. कापूर-पुदिना मिसळलेला असला तर तासभर गार वाटतं, बाईला वाटतं उतार पडला. बोळा आत विसरला तर वेगळंच इन्फेक्शन. शिवाय तेलाने कंडोमचं रबर कमकुवत होतं.

तेलातही फसवणूक. सालीचं म्हणून पानांचं स्वस्त तेल देतात. त्यात मुख्यतः युजेनॉल, म्हणजे लवंगेतलाच मुख्य घटक असतो, म्हणून वास लवंगेकडे झुकतो. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी बघा. तेलकट डाग तसाच असेल तर बहुधा खाद्यतेलाची भर आहे. टर्पेंटाइनची भेसळ मात्र यात सापडत नाही, तेही उडून जातं. आणि 'कोकणातलं अस्सल टी ट्री' म्हणणाऱ्याला तर हात जोडावेत. ते झाड मुळात ऑस्ट्रेलियाचं, चहाशी त्याचा संबंध नाही.

खरा तोटा पैशांपेक्षा वेळेचा. दह्यासारखं घट्ट पांढरं आणि खाज असेल तर बुरशीची शक्यता जास्त. पातळ, करडं, मासळीसारखा वास येणारं असेल तर बहुधा जिवाणूंचा प्रकार. पिवळसर-हिरवं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म परजीवी. औषधं तिन्हींची सारखी नाहीत. बुरशीवर डॉक्टर क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची ५०० मिग्रॅची एक गोळी किंवा १०० मिग्रॅची सहा-सात रात्री, नाहीतर तोंडाने फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ एकदाच देतात. तोंडाची गोळी गरोदरपणात नको. वर्षात तीनदा उलटलं तर आधी साखर तपासायची.

तेल लावून बसला असाल तर बोळा लगेच काढा. नुसत्या पाण्याने तेल जात नाही. बाहेरची जागा साध्या खोबरेलाने हलकी पुसून मग कोमट पाण्याने धुवा. आत पिचकारी मारू नका. फोड, रक्त, ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल, किंवा गरोदर असाल, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

बाटली फेकू नका. औषध म्हणून विकलेल्या मालावर परवाना क्रमांक, बॅच, उत्पादन आणि मुदतीची तारीख, घटक हवेतच. नसतील तर लेबलचा, पत्रकाचा फोटो आणि पावती घेऊन जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. स्त्रीरोग बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याखालीही गुन्हा ठरते. पैसे परत मागण्यासाठी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पावती नसेल तर यूपीआयचा व्यवहार दाखवता येतो, म्हणून असल्या स्टॉलवर रोख देऊच नका.