रेडिओ लिंक की फायबर : टेहळणी ड्रोन बांधणाऱ्या गटांसाठी

संरक्षण दलांच्या चाचण्यांसाठी छोटे टेहळणी ड्रोन बांधू पाहणाऱ्या विद्यार्थी गटांकडून हल्ली मला एकच प्रश्न वारंवार येतो : लिंक, म्हणजे ड्रोन आणि चालक यांना जोडणारा दुवा, रेडिओची ठेवावी की फायबरची, म्हणजे काचेच्या धाग्याची? आमच्या गटाला हा निर्णय गेल्या वर्षी घ्यावा लागला आणि तो घेण्याआधी आम्ही दोन्ही प्रकारची ड्रोन काही महिने उडवून पाहिली. मोटर, बॅटरी, कॅमेरा यांची माहिती वाचकांना आहे असे धरून मी फक्त लिंकविषयी लिहितो, कारण लष्करी ड्रोन हातचे गेल्याच्या हकिकती वाचत गेले की त्यांतल्या अनेकांची सुरुवात तिथूनच झालेली दिसते.

डिसेंबर २०१७ मध्ये आपले एक हेरॉन ड्रोन सिक्कीमच्या सीमेवर संपर्क तुटल्याने चीनच्या बाजूला जाऊन कोसळले. ऑगस्ट २०२४ मध्ये भिंबर गली भागात, सरावात असलेले लष्कराचे एक छोटे ड्रोन तांत्रिक बिघाडामुळे नियंत्रण रेषेपलीकडे गेले. सप्टेंबर २००९ मध्ये अफगाणिस्तानात एक अमेरिकन रीपर ड्रोन चालकांचे ऐकेनासे झाले आणि ते सीमा ओलांडण्याआधी त्यांच्याच लढाऊ विमानाला ते पाडावे लागले. ऑगस्ट २०१० मधली फायर स्काउटची घटना मला सर्वांत बोलकी वाटते. अमेरिकन नौदलाच्या या मानवरहित हेलिकॉप्टरने लिंक तुटल्यावर ठरल्याप्रमाणे परत फिरायला हवे होते, पण सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे ते वॉशिंग्टनभोवतीच्या निर्बंधित हवाई हद्दीत शिरले आणि लिंक पुन्हा जुळल्यावरच त्याला माघारी आणता आले. सगळा दोष लिंकचाच असतो असे मात्र नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या नौदलाने भाड्याने घेतलेले सीगार्डियन ड्रोन चेन्नईजवळ समुद्रात उतरवावे लागले ते उड्डाणात सुधारता न आलेल्या तांत्रिक बिघाडामुळे, आणि अशा वेळी कोणतीही तार कामाची नाही.

रेडिओची बाजू आधी मांडतो, कारण ती सहज मोडीत काढण्यासारखी नाही. रेडिओवरचे ड्रोन हलके असते, हवे तसे वळते, झाडाला वळसा घालून येते आणि परत येऊन पुन्हा उडते. एकच यंत्र दिवसातून दहा वेळा उडवून विद्यार्थ्यांचा हात बसवता येतो, आणि शिकणाऱ्या गटासाठी हा फार मोठा फायदा आहे. डोंगराआडची टेहळणी किंवा पंधरा-वीस किलोमीटरपलीकडचे काम असेल तर मध्ये दुसरे ड्रोन ठेवून लिंक पुढे नेता येते. फायबरमध्ये ती सोय नाही.

रेडिओची दुबळी बाजू सर्वांना ठाऊक आहे. हवेत सोडलेला सिग्नल शत्रूलाही ऐकू येतो, दाबता येतो आणि त्यावरून चालकाचा ठावठिकाणा काढता येतो. २००९ मध्ये उघड झाले की इराकमधल्या बंडखोरांनी अमेरिकेच्या प्रिडेटर ड्रोनचे कूटबद्ध न केलेले चित्रण २६ डॉलरला मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने पाहिले होते. संपर्क तुटला तर जीपीएसच्या आधारे ड्रोन घरी परतेल, हा दिलासाही पूर्ण भरवशाचा नाही. टेक्सास विद्यापीठाचे टॉड हम्फ्रीज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जून २०१२ मध्ये अमेरिकेतल्या व्हाइट सँड्स या लष्करी चाचणी क्षेत्रात खोटा जीपीएस सिग्नल देऊन एका छोट्या मानवरहित हेलिकॉप्टरची दिशाभूल करून दाखवली होती.

तरीही माझा निर्णय जॅमिंगच्या, म्हणजे सिग्नल दाबला जाण्याच्या, भीतीने झाला नाही. तो एका साध्या, चिवट त्रासामुळे झाला.

आम्ही चाचण्यांसाठी संगमनेर तालुक्याच्या पठार भागातले एक माळरान, मालकाची परवानगी घेऊन आणि ते ग्रीन झोनमध्ये, म्हणजे ड्रोन उडवायला मोकळ्या ठेवलेल्या हद्दीत, आहे हे तपासून, निवडले होते. जानेवारीतल्या एका सकाळी रेडिओवरचे ड्रोन जेमतेम सातशे मीटरवर, डोळ्यांना दिसत असताना, पडद्यावरचे चित्र गोठले. फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर आपोआप घरी परतण्याची सोय, लागला, ड्रोन वळले, घराच्या दिशेने थोडे आले आणि मग तिरके सरकत शेजारच्या कांद्याच्या वाफ्यात उतरले. मोडतोड किरकोळ होती. त्रास सुरू झाला तो नंतर. लॉगमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, सिग्नलचा आकडा व्यवस्थित होता, पुढच्या ओळीत तो शून्य होता, आणि कारणाची कुठेही नोंद नव्हती. कोणी म्हणाले अँटेनाचे तोंड चुकले, कोणी पलीकडच्या टेकडीवरच्या टॉवरवर बोट ठेवले, कोणाला रिसीव्हरची सोल्डरिंग सैल वाटली, तर कोणाला जीपीएसचा संशय आला. आम्ही अँटेना बदलली, रिसीव्हर बदलला, तीन आठवडे तेच उड्डाण पुनःपुन्हा केले आणि दोष एकदाही परत दिसला नाही. यंत्र आता बरे आहे की बिघाड फक्त दडून बसला आहे, हे मी विद्यार्थ्यांना सांगू शकलो नाही, आणि शिक्षक म्हणून ते मला फार लागले.

मोठ्या प्रमाणावर हेच अमेरिकेच्या मानवरहित आरक्यू-१७० च्या बाबतीत झाले. डिसेंबर २०११ मध्ये हे टेहळणी विमान जवळपास अखंड अवस्थेत इराणच्या हाती पडले. आपण ते उतरवून घेतले असे इराण सांगतो, आणि बिघाडामुळे ते गेले असे अमेरिकेने सांगितले. इतक्या वर्षांनंतरही दोन्ही कहाण्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. रेडिओ लिंक तुटते तेव्हा ती मागे काहीच ठेवत नाही.

आता फायबर. रशिया-युक्रेन युद्धात २०२४ पासून ही पद्धत झपाट्याने पसरली. ड्रोनच्या पोटाखालच्या रिळातून केसासारखा काचेचा धागा सुटत जातो आणि चित्र व आज्ञा त्यातूनच येतात-जातात. दाबण्यासाठी सिग्नलच नसतो, ऐकण्यासाठीही नसतो. जमिनीलगत, घरांच्या आडोशाला, जिथे रेडिओचे चित्र फाटू लागते, तिथेही फायबरचे चित्र स्वच्छ राहते.

किंमत मात्र खरोखरच मोजावी लागते. दहा किलोमीटरचे रीळ किलोपेक्षा जड होते आणि तेवढी बॅटरीची मिनिटे कमी होतात. वळणे सावकाश घ्यावी लागतात. पसरलेला धागा सहसा पुन्हा वापरता येत नाही, म्हणजे प्रत्येक उड्डाणाला रिळाचा खर्च आहे. उन्हात धागा चमकतो, आणि त्याचा माग काढत कोणी चालकापर्यंत पोहोचू शकतो. युक्रेनमधली शेते या धाग्यांच्या जाळ्यांनी भरून गेल्याची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. आमच्या माळावर मेंढरे चरायला येतात, म्हणून उड्डाण संपल्यावर शेवटचा वावभर तुकडासुद्धा काठीवर गुंडाळून परत आणायचा, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला आणि तो आजवर मोडलेला नाही. गुंडाळताना हातमोजे घालावेत, काचेची कुसळे बोटात गेली तर दिसत नाहीत आणि दोन दिवस ठणकतात.

आमच्या फायबरच्या सहाव्या उड्डाणात संपर्क गेला आणि ड्रोन, ठरवून दिल्याप्रमाणे, जागच्या जागी खाली उतरले. संध्याकाळ होत आली होती. घरोघर ब्रॉडबँडची जोडणी करणारे तंत्रज्ञ वापरतात तो लाल लाइटचा पेन आमच्याकडे होता. एका विद्यार्थिनीने तो धाग्याच्या आपल्याकडच्या टोकाला लावला आणि दोघे मुलगे धाग्याच्या कडेने, त्याला स्पर्श न करता, चालत निघाले. साधारण चारशे मीटरवर, एका खुरट्या बाभळीच्या खालच्या फांदीत, ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका लुकलुकत होता. धागा काट्याभोवती दोन वेढे घेऊन तिथेच तुटला होता. बाभूळ, काटा, तुटलेले टोक, सगळे डोळ्यांसमोर होते. शोधायला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी आम्ही उड्डाणाची उंची त्या झाडांच्या वर नेली आणि धागा सुटण्याच्या तोंडाची दिशा थोडी मागे वळवली. नंतरच्या उड्डाणांत तिथे धागा तुटला नाही.

मला फायबरकडे झुकवले ते या लाल ठिपक्याने. फायबर कमी वेळा तुटते असा माझा दावा नाही, उलट आमच्या हातून ते अधिक वेळा तुटले असावे. पण ते तुटते तेव्हा एका ठरावीक जागी तुटते, तिथपर्यंत चालत जाता येते आणि विद्यार्थ्याला बोट ठेवून दाखवता येते. चाचणीच्या वेळी समोरचे अधिकारी यान का पडले असे विचारतात, तेव्हा दाखवायला हातात काहीतरी असते.

माझा अनुभव एका माळरानाचा आणि एका हंगामाचा आहे, त्यामुळे कोकणातल्या दाट झाडीत किंवा नदीपात्रावर उडवणाऱ्यांचे मत वेगळे पडू शकते, आणि त्यांचे म्हणणे मी आनंदाने ऐकेन. लांबचा पल्ला किंवा रोजचा सराव हेच तुमचे मुख्य काम असेल तर रेडिओ घ्यावा. आम्हीही शिकवण्यासाठी ते जुने ड्रोन ठेवले आहे. चाचणी मात्र दोन-चार किलोमीटरची असेल, समोर जॅमर लावला जाणार असेल आणि गट नवा असेल, तर मी फायबर सुचवेन. रेडिओच निवडलात तर एवढे अवश्य करावे : रिसीव्हरचा लॉग, बॅटरीचा विद्युतदाब आणि जीपीएसची स्थिती ड्रोनवरच्याच वेगळ्या कार्डवर सेकंदाला अनेक वेळा नोंदली जाईल अशी व्यवस्था पहिल्या उड्डाणाआधी करून घ्यावी. आम्ही ती केली तेव्हा कांद्याच्या वाफ्यातले उड्डाण होऊन गेले होते.