स्टारफिश, डम्प्लिन, ब्लबर की जेनेसिस? पुस्तक कोण वाचणार ते आधी ठरवा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका मैत्रिणीचा निरोप आला: भाची नववीत आहे, वर्गात वजनावरून चिडवतात, वाढदिवसाला त्या विषयावरचं एखादं चांगलं इंग्रजी पुस्तक द्यायचंय, कुठलं घेऊ? नावं सांगायला अडचण नाही. किशोरवयीनांसाठीच्या इंग्रजी कादंबऱ्यांत हा विषय भरपूर हाताळलेला आहे. पण मी आधी उलट विचारते, वाचणार कोण? अंगानं भरलेल्या मुलीला वाढदिवशी जाड्या मुलीची गोष्ट देणं म्हणजे रंगीत कागदात गुंडाळलेला टोमणा. मावशीचा हेतू कितीही चांगला असला तरी पोरीला एवढंच कळतं, की मावशीलाही नेमकं तेच दिसलं.

तेव्हा पुढची तुलना कुठलं पुस्तक थोर याची नाही. कुठलं कुणाच्या हाती द्यावं, याची आहे.

खरी निवड पहिल्या दोनांत आहे. लिसा फिप्सचं ‘स्टारफिश’ २०२१ साली आलं, ज्युली मर्फीचं ‘डम्प्लिन’ २०१५ साली. दोन्हींत नायिका जाड, दोन्हींत तिच्या वजनाचा काच घरातून, तोही आईकडून. शेवटी बारीक होऊन सुखी झाली, असला प्रकार दोन्हींत नाही. हे महत्त्वाचं, कारण शेवटी वजन उतरवणारी गोष्ट मधली दोनशे पानं काहीही म्हणत असली तरी चिडवणाऱ्यांचंच म्हणणं खरं करते.

‘स्टारफिश’मधली एली अकरा वर्षांची. पाचव्या वाढदिवसाला तिनं देवमाशाचा पोहण्याचा पोशाख घालून पाण्यात उडी मारली, तेव्हापासून तिला चिडवणं सुरू झालं. मग तिनं जाड मुलीसाठीचे नियमच ठरवून घेतले: चारचौघांत खायचं नाही, अंग हलेल असं भरभर चालायचं नाही, पाण्यात उडी मारून कुणाचं लक्ष वेधायचं नाही. आई वजन कमी करण्याचे लेख फ्रिजवर चिकटवते आणि पोरीची शस्त्रक्रिया करावी म्हणून मागं लागते. बाप मात्र लेकीच्या बाजूचा आहे.

आपल्याकडे फ्रिजवर लेख लागत नाहीत, त्याची गरजच पडत नाही. दारात चपला काढेपर्यंत काकू म्हणते, “काय गं, किती सुटलीस!” आणि पाचव्या मिनिटाला तीच काकू भडंगाची ताटली पुढं करून, “एवढंसंच? माझ्या हातचं आवडत नाही वाटतं?” म्हणून रुसते. खाल्लं तरी बोलणं, नाही खाल्लं तरी बोलणं. त्यात काकूचा जीवही असतो, म्हणून तर उलटून बोलता येत नाही. या बाबतीत ‘स्टारफिश’ची आई नेमकी उतरली आहे. ती दुष्ट नाही. टोचत राहिलं की लेक मनावर घेईल, अशी तिची खात्री आहे.

म्हणून माझं मत, ‘स्टारफिश’ आधी आईनं वाचावं. पुस्तक मुक्तछंदात आहे, ओळी आखूड, पानावर मजकूर थोडा. सेमी-इंग्रजीतल्या आठवीच्या मुलीलाही झेपतं आणि इंग्रजी कादंबरी वाचायची सवय नसलेल्या आईलाही. दोन उणिवा सांगून ठेवते. एलीला चिडवणारी मुलं फारच दुष्ट रंगवली आहेत, खरी मुलं चिडवता चिडवता वहीही मागतात. आणि एलीला सावरायला एक समजूतदार समुपदेशक मिळते, वर घरात पोहण्याचा तलाव आहे. सांगली-मिरजेच्या कुठल्या मुलीला ही सोय आहे?

‘डम्प्लिन’ वयानं मोठ्यांचं. टेक्ससमधल्या एका काल्पनिक गावातली विलोडीन सोळा वर्षांची आहे. आई एकेकाळची सौंदर्यस्पर्धेतली विजेती, आता तीच स्पर्धा भरवते, आणि लेकीला लाडानं ‘डम्प्लिन’ म्हणते. पुढं विलोडीन त्याच स्पर्धेत नाव घालते. एवढं ऐकून पुस्तक ठरावीक वाटेल, पण ते तसं नाही. विलोडीन आपल्या अंगाबद्दल मुळात बिनधास्त असते. मग तिला आवडणारा देखणा मुलगा जवळ येतो, त्याचा हात तिच्या पाठीवरच्या चरबीवर पडतो, आणि तिचा सगळा तोरा त्या जागी उतरतो. स्वतःला स्वीकारणं एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं असं नसतं, हे या लेखिकेला कळलं आहे. ‘स्टारफिश’ तिथपर्यंत पोचत नाही.

शिवाय विलोडीन गुणी बाळ नाही. जिवलग मैत्रीण एलन हीही स्पर्धेत उतरते, तेव्हा विलोडीन तिला नाव मागं घ्यायला सांगते, कारण एलन बारीक आहे, ती जिंकू शकेल. सोसणाऱ्याला दुसऱ्यावर अन्याय करता येतो, हे किशोर कादंबरीत इतकं उघड क्वचित येतं. विलोडीनची लाडकी मावशी लूसी खूप जाड होती आणि हृदयविकारानं गेली, हेही पुस्तक झाकत नाही. वजनाचा आणि तब्येतीचा काही संबंधच नाही, असा आव ते आणत नाही. ज्या घरात “आम्ही काय तिच्या वाईटावर आहोत का, तब्येतीसाठीच बोलतो” हे वाक्य रोज ऐकू येतं, तिथं हा भाग उपयोगी पडतो.

अडचणी? चुंबनं आहेत, एकाच वेळी दोन मुलगे आहेत. दहावी-अकरावीच्या आधी देऊ नये असं मला वाटतं, मुलींची हरकत असते म्हणून नव्हे, दप्तर उपसणारे आईबाप असतात म्हणून. दुसरं, मावशीचं दैवत असलेली गायिका डॉली पार्टन इथल्या मुलींना ठाऊक नसते. तिची दोन गाणी आधी ऐकवा. २०१८ साली यावर नेटफ्लिक्सचा चित्रपट आला, तो आधी पाहिला तरी पुस्तकाचं फारसं बिघडत नाही.

दोन्हींतलं एकच घ्यायचं, तर मुलगी सातवी ते नववीत असल्यास ‘स्टारफिश’, कॉलेजच्या उंबऱ्यावर असल्यास ‘डम्प्लिन’. पण हातात देऊ नका, “तुझ्यासाठी आणलंय” म्हणू नका. घरातल्या कपाटात चार पुस्तकांत सरकवून ठेवा.

वर्गासाठी पुस्तक शोधणाऱ्या बाईंनी मात्र ही दोन्ही बाजूला ठेवावीत आणि ज्युडी ब्लूमचं ‘ब्लबर’ घ्यावं. १९७४ सालचं आहे, त्यात मोबाईल नाही, पण वर्ग अगदी ओळखीचा. लिंडा देवमाशावर माहिती सांगते, वर्गात चिठ्ठी फिरते आणि तिला ‘ब्लबर’, म्हणजे देवमाशाची चरबी, हे नाव पडतं. वर्गातली सगळ्यात जाड मुलगी ती नाहीच, हे गोष्ट सांगणारी जिल स्वतःच सांगते. चिडवायला वजन हे निमित्त, कुणीतरी सापडायला हवं असतं. जिल चिडवणाऱ्या टोळीत आहे आणि तिला त्यात मजा येते. पुढं डाव तिच्यावरच उलटतो. मोठी माणसं धावून येत नाहीत, कुणी रडून माफी मागत नाही. म्हणूनच अमेरिकेत हे पुस्तक शाळांमधून काढा अशा तक्रारी झाल्या. मला तोच त्याचा मोठा गुण वाटतो. पाचवी-सहावीच्या वर्गात बाईंनी रोज थोडं मोठ्यानं वाचावं आणि वर तात्पर्य सांगू नये. चिडवणारी मुलं आपलं वागणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकतात, एवढं पुरतं.

आणि वजन हा तुमच्या घरातला मुद्दाच नसेल तर? आपल्याकडे पुष्कळदा तो रंगाचा असतो. “सावळी असली तरी नाकीडोळी नीटस” यातलं ‘तरी’ ऐकत मुली वाढतात, आणि लग्नाच्या बायोडाटात काळी मुलगी ‘गहूवर्णी’ होते. त्यासाठी अलिशिया विल्यम्सचं २०१९ सालचं ‘जेनेसिस बिगिन्स अगेन’. तेरा वर्षांच्या जेनेसिसकडे स्वतःत काय काय आवडत नाही याची शहाण्णव कारणांची यादी आहे. रंग उजळावा म्हणून ती लिंबू चोळते. डाळीचं पीठ, साय आणि हळद लावून बसलेल्या हळदीच्या गावातल्या मुलीला ते समजावून सांगावं लागणार नाही. समजावावी लागेल ती आजीची गोष्ट: तपकिरी कागदी पिशवीपेक्षा उजळ असेल त्यालाच आत घेण्याची काळ्या अमेरिकी समाजातली जुनी चाल. त्यामागं गुलामगिरीचा इतिहास आहे. इथं रंगामागं बहुतेकदा जात उभी असते, ते बोलणं मात्र तुम्हालाच करावं लागेल. बापाची दारू, भाडं थकल्यानं घराबाहेर निघालेलं सामान, हेही पुस्तकात आहे. चौघांत वाचायला जड हेच, आणि माझ्या मते लिहिलंय सगळ्यात चांगलं हेच.

कॅरोलिन मॅकलरची २००३ सालची एक गाजलेली कादंबरी यादीत मुद्दाम घेतली नाही. जाड मुलगी आणि तिची मानसशास्त्रज्ञ आई असा तिचा भाग छान आहे, पण मध्येच तिच्या भावानं कॉलेजातल्या एका मुलीवर केलेल्या बलात्काराचं प्रकरण येतं. ती वाचायची तर सोळाच्या पुढं, आणि सोबत बोलायला कुणीतरी असताना.

आई इंग्रजी वाचतच नसेल तर २०१६ सालचा ‘वजनदार’ तिच्यासोबत बसून बघा. दिग्दर्शक सचिन कुंडलकर, सोबत प्रिया बापट आणि आपल्या सांगलीचीच सई ताम्हणकर. भूमिकेसाठी दोघींनी खरोखर वजन वाढवलं होतं. ही किशोरांची गोष्ट नाही, पण काकूलाही शेजारी बसवता येतं.

मुलग्यांसाठी यातलं जवळजवळ काहीच नाही, चारही नायिका मुली. तालमींच्या या जिल्ह्यात ‘काडी पैलवान’ आणि ‘पाप्याचं पितर’ ऐकत पावडरचे डबे रिचवणारी पोरं कमी नाहीत. त्यांच्या वर्गात सध्या ‘ब्लबर’वरच भागवावं लागेल.