मायरसन की सरासरी झाड: टिकणारी वाटणी कुठली?

एकत्र येऊन झालेली बचत आपसांत कशी वाटायची, याच्या या दोन रीती. शॅप्ली मूल्य (येण्याचे सगळे क्रम धरून प्रत्येकामुळे सरासरी जेवढी भर पडते, तेवढा त्याचा वाटा) माहीत असेल तर रॉजर मायरसन यांची १९७७ची रीत वेगळी समजवायला नको: जे एकमेकांशी जोडलेले नाहीत त्यांची युती धरायची नाही, एवढाच फरक. दुसरी रीत २००८ची, हेरिंग्स, व्हान डेर लान आणि तालमान यांची. प्रत्येकाला आळीपाळीने मूळ मानून झाड मांडायचं, शेंड्याकडून मुळाकडे येताना ज्याने जेवढी भर घातली ती त्याच्या पदरात टाकायची, मग सरासरी काढायची; हेच सरासरी झाड. दोन्ही मी कांद्याच्या ट्रकभाड्यावर वापरून पाहिल्या.

आम्ही तिघे शेजारी. ट्रक मधल्याच्या खळ्यावर लागतो. मी एका टोकाला, दुसरा पलीकडे, मध्ये ओढा. आमचं दोघांचं थेट जमत नाही. मधला आणि कुठलंही एक टोक मिळून खेपेला ६,००० रुपये वाचतात, तिघे मिळून ७,२००.

मायरसनने मधल्याला ४,४०० आणि आम्हा टोकांना १,४०० प्रत्येकी. दुवा तुटला तर त्याच्या दोन्ही बाजूंचं नुकसान सारखं होतं, हा तिचा गुण मला आजही फार आवडतो. पण मधल्याचे आणि पलीकडच्याचे मिळून ५,८०० होत होते, मला वगळलं तर ६,०००. तिसऱ्या खेपेला ट्रक मला न सांगताच लासलगावला गेला. शंभर-शंभर त्यांनी वाटून घेतले, माझा कांदा चाळीत राहिला. तिघांची बचत ७,५०० असती तर कदाचित हे घडलं नसतं. तिथून पुढे मायरसनची वाटणीही कोअरमध्ये बसते, म्हणजे कुठल्याच गटाला फुटून जास्त मिळत नाही अशा वाटण्यांमध्ये.

सरासरी झाडात मधल्याला ६,४००, टोकांना फक्त ४००. आकडा बोचतो. पण आता त्या दोघांचे ६,८०० होतात, मला वगळून कुणाचंच भलं नाही. दुवे झाडासारखे असले आणि एकत्र येण्याने कमाई घटत नसली, की ही वाटणी कोअरबाहेर जात नाही. हे सिद्ध झालेलं आहे.

ओढ्यावर साकव झाला तर मात्र गणित बदलेल. मग कुठलेही दोघे ६,००० मागतील, सगळ्यांना थोपवायला ९,००० लागतील, हाती ७,२००च, आणि कोअर रिकामा. तिथे कुठलीच वाटणी टिकत नाही, म्हणून मायरसनच घ्यावी असं माझं मत.

साकव अजून झालेला नाही. या हंगामात मी ४०० घेतो आणि ट्रक माझ्यासाठी थांबतो.