यूव्हर्जन बायबल अ‍ॅप: घरगुती संगतीला कितपत उपयोगी?

रविवारी शिफ्ट, गावची मंडळी, म्हणजे आपलं चर्च, नगरला नाहीतर जालन्याला, आणि चाकणहून कॅम्पातल्या चर्चला जायचं तर जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो. पुण्यात नोकरीला आलेल्या कितीतरी विश्वासणाऱ्यांचे रविवार असे उपासनेशिवाय जातात. त्यांना घरीच वाचन-प्रार्थनेला जमणाऱ्या चार-सहा जणांची घरगुती संगती मोठा आधार देते. यूव्हर्जन हे अ‍ॅप अशा संगतीच्या किती कामाला येतं, ते इथे पाहू. अमेरिकेतल्या लाइफ चर्चने ते 2008 साली आणलं. अ‍ॅप मोफत आहे, जाहिराती नाहीत.

पहिली अडचण आवृत्तीची, म्हणजे बायबलच्या भाषांतराची. मराठीत बायबल सोसायटीची आर.व्ही. (रिवाइज्ड व्हर्जन) आहे, आय.आर.व्ही. (इंडियन रिवाइज्ड व्हर्जन) आहे, समकालीन आवृत्तीही आहे. एकाच्या फोनवर एक, दुसऱ्याच्या फोनवर दुसरी, आजीच्या हातात छापील बायबल. आळीपाळीने मोठ्याने वाचायला लागलं की ओळी जुळत नाहीत, वाचणारा अडखळतो आणि नवखा माणूस तिथेच गप्प होतो. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोन समोर ठेवा आणि अध्यायाच्या नावाशेजारी आवृत्तीचं छोटं नाव दिसतं त्यावर टॅप करून एकच आवृत्ती लावून घ्या. घरोघरी छापील प्रती बहुधा बायबल सोसायटीच्या असतात, त्यामुळे आर.व्ही. बरी पडते. निवडलेल्या आवृत्तीपुढे डाउनलोडचं चिन्ह असेल तर घरच्या वाय-फायवरच उतरवून घ्या.

आता वाचनयोजना. योजना सुरू करताना एकट्याने की मित्रांसोबत असं विचारलं जातं. मित्रांसोबत निवडा, सुरुवातीची तारीख ठरवा आणि आमंत्रण पाठवा. प्रत्येकाचं अ‍ॅपवर खातं हवं. दिवसाचं वाचन झालं की शेवटी चर्चेची जागा येते, तिथे एकमेकांचं लिहिलेलं वाचता येतं. स्वतःची योजना रचायची सोय सामान्य वापरकर्त्याला नाही, आणि मराठी योजना इंग्रजीच्या मानाने फारच थोड्या. त्यातल्या बऱ्याच भाषांतरित आहेत, वाचताना ते जाणवतं. मनाजोगी योजना शोधत बसण्यापेक्षा सरळ शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारं पुस्तक, घ्यावं, हे आमचं स्पष्ट मत. मार्कच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक वाचला तर तीन आठवडे आणि एक दिवस लागतो. 14वा अध्याय मात्र 72 वचनांचा आहे, तो दोन दिवसांत वाटून घ्या. मोठी, महिनोन्‌महिने चालणारी योजना पहिल्यांदा घेऊच नये. चार दिवस मागे पडलेला माणूस लाजून आठवड्याच्या बैठकीलाही येत नाही, आणि संगती मोडते ती बहुतेक वेळा अशीच.

चर्चेच्या जागेत फार काही घडेल अशी आशा धरू नका. मराठी टाइप करायचा कंटाळा, मग 'आमेन' आणि हात जोडल्याचं चिन्ह, एवढ्यावरच भागतं. खरं बोलणं समोरासमोर बसल्यावरच होतं. आणखी एक गोष्ट जपा: आजार, कर्ज, घरातला वाद यांबद्दलची प्रार्थनाविनंती तिथे लिहू नये. योजनेतल्या सगळ्यांना ती दिसते. एखाद्याच्या घरच्यांना त्याचं प्रार्थनेला येणं ठाऊक नसेल तर त्याने खात्यावर फोटो ठेवू नये, हेही आधीच सांगावं.

बैठक सव्वा तासाची पुरे. दहा मिनिटं गीत, पंधरा मिनिटं वाचन, अर्धा तास बोलणं, उरलेला वेळ प्रार्थना. पंधरा-वीस वचनांहून जास्त घेऊ नका. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी पक्षाघाती माणसाची बाज छपरातून खाली सोडली, ती पहिली बारा वचनं एका संध्याकाळला भरपूर होतात. प्रश्न तीनच: यात देवाविषयी काय कळलं, माणसांविषयी काय कळलं, या आठवड्यात मी काय करणार? एकाच माणसाने प्रवचन सुरू केलं की बाकीचे श्रोते होतात, म्हणून प्रश्न विचारणारा दर आठवड्याला बदला. संख्या बारावर गेली की दोन घरांत विभागा. आणि दानाची पेटी फिरवू नका. कुणाला मदत द्यायची असेल तर वहीत लिहून, दोघांच्या सहीने.

गीतांसाठी अ‍ॅप कामाचं नाही. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहाची एखादी प्रत घरात हवीच. टाळ-पेटी असेल तर फार छान, फक्त सोसायटीच्या फ्लॅटमध्ये रात्री आवाज बेताचा ठेवा, खालच्या मजल्यावर लहान मूल असतं. चर्चच्या चौकटीबाहेर ख्रिस्ताभोवती जमणं महाराष्ट्राला नवं नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी. टिळकांची भजनाची रीत घरगुती संगतीला आजही शोभते.

वाचनासाठी अ‍ॅपला पाचपैकी साडेचार, संगतीसाठी अडीच. आजाऱ्याला भेटायला जाणं, डबा पोचवणं, दवाखान्यात रात्रभर बसणं, यासाठी नावांची आणि फोन नंबरांची कागदावरची यादीच लागते. ती प्रत्येकाच्या घरी असावी. प्रभुभोजनाच्या (भाकरी-द्राक्षरसाच्या) विधीसाठी ओळखीच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, दोन-तीन महिन्यांतून एकदा घरी बोलवा. गावच्या मंडळीतलं नाव मात्र काढू नका, वर्गणी वेळेवर पाठवत राहा. दफनभूमीत जागा मागताना सभासदत्व बहुधा विचारलं जातं, आणि त्या दिवशी घरच्यांना कागद शोधत फिरायला लागू नये.