राजारामपुरीतलं मेडिकल ॲडमिशनचं कौन्सेलिंग, पैसे वसूल
भाचीची दहावी निपाणीत म्हणजे कर्नाटकात झालेली, बारावी कोल्हापुरात, त्यामुळं महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यात बसते का नाही हाच घोर होता सगळ्यांना. इथल्या मॅडमनी फाईलमधला एकेक कागद बघितला आणि नीट समजावलं की मेरिट फक्त नीट (NEET) प्रवेश परीक्षेच्या ७२० पैकी मार्कांवर लागतं, बारावीला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ओपनला ५० टक्के असले की झालं, तिथं ९५ पडले तरी रँक हलत नाही. सीमाभागातल्या पोरांसाठी वेगळ्या जागा असतात हे आधीच्या एका क्लासवाल्यानं फी घेऊनसुद्धा सांगितलं नव्हतं, लय राग आला. १५ टक्के ऑल इंडिया कोट्यासाठी एमसीसीकडं (केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) वेगळं रजिस्ट्रेशन लागतं हे बी यांनीच सांगितलं. शनिवारी गर्दी बेक्कार असते, फोन करूनच जावा.